लेबल गेलेल्या तबकड्या आणि हरिपूरचे देवल

जुन्या नाट्यगीताची तबकडी हातात घेतली की लेबलावर पदाचा मुखडा दिसतो, गाणाऱ्याचं नाव दिसतं, नाटकाचं नाव असतं, कधी रागही छापलेला असतो. पद लिहिलं कुणी, हे मात्र नसतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ट्रंकेतल्या ज्या तबकड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या एकीवरही मी गोविंद बल्लाळ देवल हे नाव वाचलेलं नाही. आपणही बोलताना तसंच बोलतो. 'मृगनयना' वसंतरावांचं, अमुक पद बालगंधर्वांचं, तमुक रामदास कामतांचं. गळा त्यांचा आहे, तेव्हा त्यात चूक काही नाही. पण हरिपूरच्या या माणसाने लिहिलेले शब्द सव्वाशे वर्षं लोकांच्या तोंडी आहेत, आणि ते ऐकताना आपण त्याच्याकडे जवळजवळ लक्षच देत नाही, हे मला फार लागतं. आज त्यांच्याविषयी लिहायचं आहे. त्यांची नाटकं थोर आहेत, पण त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहिणार आहे ती तबकडीत उतरलेल्या आणि न उतरलेल्या त्यांच्या पदांविषयी.

आधी थोडी माहिती, नव्या वाचकांसाठी. देवलांचा जन्म १८५५ चा. सांगलीहून नदीच्या कडेकडेने निघालं की बागेतला गणपती लागतो आणि पुढे हरिपूर येतं. तिथे कृष्णेला वारणा मिळते, काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. हळदीच्या पेवांचं गाव म्हणून व्यापारी त्याला ओळखतात, नाटकवाले देवलांचं गाव म्हणून. बेळगावला शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांना लाभला आणि पुढचं सगळं आयुष्य त्या वळणावर गेलं. सात नाटकं लिहिली. 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', 'झुंजारराव', 'शापसंभ्रम', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ'. यातलं स्वतंत्र म्हणावं असं एकच, 'शारदा'. बाकीची संस्कृतातून नाहीतर इंग्रजीतून घेतलेली. 'झुंजारराव' म्हणजे ऑथेल्लो. पण घेतलेलं नाटक त्यांच्या हातातून असं मराठी होऊन निघायचं की 'संशयकल्लोळ'मधला संशयी नवरा फाल्गुनराव आपल्याच आळीत राहतो असं वाटावं. कंपनीत नटांना तालीम द्यायचे म्हणून देवल मास्तर.

आमचं घर गावभागात. अण्णा मिरजेला रेल्वेत नोकरीला होते आणि पगारातून चार पैसे उरले की जुन्या बाजारातून तबकड्या आणायचे. आई म्हणायची, भाजी आणायला पाठवावं तर हे बालगंधर्व घेऊन येतात. त्या तबकड्या लाखेच्या. हात लागून पडली की कपच्या. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. अण्णा गेल्यावर ती ट्रंक खालच्या खोलीच्या माळ्यावर गेली आणि आम्ही कॅसेटी, मग सीडी, मग मोबाइल असं करत तिला विसरत गेलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेली. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना सांगायला नको. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा माळ्याच्या फळीवर चिखलाची रेघ होती आणि ट्रंकेत पाणी साठलेलं होतं. कागदी पाकिटांचा लगदा झालेला. तबकड्या मात्र बऱ्याचशा शाबूत होत्या! काही वाकल्या, काही तडकल्या, पण लाख पाण्याला तशी दाद देत नाही. गेली ती लेबलं. कुठे नुसता लाल पापुद्रा उरला होता, कुठे कुत्र्याच्या चित्राचा अर्धा भाग, कुठे काहीच नाही. समोर काळ्या चकत्यांची चळत आणि कुणात काय आहे ते एकीवरही नाही.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एक चाचा आहेत, तंबोरे करतात, आणि अण्णांचा चावीचा ग्रामोफोन पूर्वी त्यांनीच एकदा दुरुस्त केला होता. त्यांनी तबकड्या कशा धुवायच्या ते शिकवलं. "ताई, स्पिरिट लावू नका हं, लाख विरघळते स्पिरिटात. साधं पाणी, दोन थेंब साबण, आणि लहान पोरांचा मऊ ब्रश. रेघांच्या दिशेनं फिरवायचा, आडवा नाही. आणि उन्हात तर ठेवूच नका." तसं केलं. जिथे लेबल असतं त्याच्या भोवतालच्या गुळगुळीत पट्टीत बारीक आकडे कोरलेले असतात. टॉर्चचा उजेड तिरका धरला की ते दिसतात. कंपनीच्या याद्यांशी ताडून त्यावरून गाणं सापडतं, असं जाणकार सांगतात. माझ्याजवळ याद्या नव्हत्या. माझ्याजवळ होतं ते आईचं पदांचं पुस्तक, म्हणजे नाटकाच्या वेळी तंबूबाहेर विकायचे तसल्या पदावल्या एकत्र शिवलेल्या. ते वरच्या मजल्यावर होतं म्हणून वाचलं.

मग मी सुई बदलत, चावी देत, एकेक तबकडी लावायला बसले. खरखर फार. गाणारा कोण ते पहिल्या तानेलाही कळेना. पेटी, सारंगी, तबला सगळं एका भोंग्यात कोंबल्यासारखं. शब्द ऐकू आला की पुस्तकात शोधायचं. म्हणजे आयुष्यभर ज्या गाण्यांकडे आपण गायकाच्या नावाने गेलो, त्यांच्याकडे प्रथमच शब्दाच्या वाटेने जावं लागलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काही पदं चटकन ओळखू येतात आणि काही येत नाहीत. संस्कृत समासांनी भरलेलं पद त्या खरखरीत बुडून जातं. 'संशय का मनी आला' हे पहिल्या दमात ऐकू येतं. देवलांचं पद खरखरीतूनही ऐकू येतं, कारण ते बोलल्यासारखं लिहिलेलं आहे. श्वास जिथे घ्यावासा वाटेल तिथे ओळ थांबते. जो शब्द महत्त्वाचा तो तालाच्या जोरावर पडतो. हे तालीम मास्तरचं लिहिणं आहे; नट हे म्हणणार कसं, मागच्या बाकावरच्या माणसाला कळणार कसं, हे त्याला ठाऊक होतं. ध्वनिवर्धक नसलेल्या थिएटरासाठी लिहिलेला शब्द भोंग्यातही टिकला, यात नवल काय?

'शारदा'ची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, लोभी बाप कांचनभट, मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि लग्नाला उभी केलेली पोर. १८९९ साली इंदूरला किर्लोस्कर मंडळीने पहिला प्रयोग केला. बालविवाहाला आळा घालणारा हरबिलास सारडांचा कायदा आला १९२९ मध्ये, म्हणजे पुरती तीस वर्षं पुढे. सारडांचं आडनाव आणि नाटकाचं नाव यांचा गोंधळ होऊन पुष्कळांना वाटतं की कायद्याला नाव या नाटकावरूनच पडलं. तसं नाही. पण गोंधळ व्हावा इतकं ते नाटक घराघरात गेलं होतं, हे खरं.

त्यातलं सगळ्यांत माहितीचं पद घ्या.

म्हातारा इतुका न, अवघे पाउणशे वयमान

मैत्रीण शारदेला चिडवते आहे. नवरदेवाच्या 'दंताजीचे ठाणे उठले', आणि मान काय करते तर 'नन्ना म्हणते'. थरथरणारी मान लग्नाला नाही नाही म्हणते आहे, हे ज्याला सुचलं त्याने किती म्हातारी माणसं जवळून पाहिली असतील. यात एक अलंकारिक शब्द नाही. पोरी परकर सावरत अंगणात जे बोलतील तेच आहे, फक्त तालात बसवलेलं. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं की हे त्या पोरीच्या पुढ्यात वाढून ठेवलेलं आहे.

माझी आजी, अण्णांची आई, बाराव्या वर्षी बिजवराला दिलेली. आजोबा तिच्याहून खूप मोठे. पहिल्या बायकोच्या मुलीपेक्षा आजी जेमतेम दोन वर्षांनी थोरली. माणूस वाईट नव्हता म्हणे. आजी हे पद म्हणायची. मंगळागौरीला नव्या मुली फुगड्या घालून दमल्या की कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, तुमचं ते म्हातारा म्हणा की." आणि आजी म्हणायची. पण तिची चाल संथ होती, जात्यावरच्या ओवीच्या अंगाने जाणारी. बायका सुरुवातीला हसायच्या आणि दुसऱ्या कडव्याला गप्प व्हायच्या. मी लहान होते, मला वाटायचं आजीला चाल नीट येत नाही. नाटकातली चाल तिला येत होती. तिने ती बाजूला ठेवली होती.

आजीचं ते म्हणणं कुठल्याही तबकडीत नाही, आणि असणारही नव्हतं. हे सांगितलं कारण देवलांच्या पदांचं खरं घर कुठे होतं ते त्यावरून कळतं. आईच्या पदावलीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली आहे, म्हणजे अमक्या गाण्याच्या चालीवर हे म्हणावं. साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीत असे जुने छंद, बायकांची गाणी. प्रेक्षकाला जी चाल आधीच येत होती तीवर देवलांनी शब्द घातले. नाटक बघून घरी जाणारा माणूस पद बरोबर घेऊनच जायचा, कारण अर्धं त्याला येत होतं. किर्लोस्करांचा हाच रिवाज, आणि शिष्याने तो गुरूपेक्षाही घरगुती केला.

तबकडीवाल्यांना याचा उपयोग काय? इथे थोडं थांबून हिशेब बघायला हवा. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्याला; गौहरजान ही त्या पहिल्या गायिकांपैकी एक. तबकड्या आधी जर्मनीत छापून यायच्या. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला. म्हणजे 'शारदा' आली तेव्हा इथे तबकडी नव्हतीच, आणि देवल गेले १९१६ मध्ये. त्यांच्या डोळ्यांदेखत हा धंदा वाढला. पण धंद्याला हवा होता गळा. तीन मिनिटांत माणसाने 'वाहवा' म्हणावं आणि तबकडी विकत घ्यावी असा गळा. साकी-दिंडीत तसं काय आहे? ती एक माणूस बोलता बोलता म्हणतो, प्रसंग पुढे जातो, दुसरा उत्तर देतो. प्रसंग काढून घेतला की दिंडी पोरकी होते. त्यामुळे 'शारदे'तलं जे तबकडीवर आणि पुढे एलपीवर आलं ते प्रामुख्याने एकटीने गाता येईल असं. 'मूर्तिमंत भीती उभी' हे त्यांतलं ठळक. बापाच्या, दीक्षिताच्या, भुजंगनाथाच्या तोंडचं फार थोडं माझ्या ऐकण्यात आहे. आणि नाटकाचा निम्मा जीव त्या तिघांत आहे!

त्यात १९११ साली खाडिलकरांचं 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी ठुमरी-दादऱ्याचा रंग रंगभूमीवर आणला, आणि प्रेक्षकांचा कान बदलला. पाच वर्षांनी 'स्वयंवर' आलं तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी तिथे ख्यालाचं अंग आणलं. पदाची मुळाक्षरं तीच, पण आता पद म्हणजे बंदिश झाली. मला हा बदल वाईट वाटत नाही. बालगंधर्वांसारखा गायक आपल्याच कृष्णाकाठचा, नागठाण्याचा; १९०५ मध्ये मिरजेत शकुंतला होऊन ते पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले, आणि आमच्या गावांना त्याचा अभिमान आहे. पण या बदलात शब्दाचं आसन जरा मागे सरकलं, हे नाकारून चालणार नाही.

आणि इथे देवलांचं मोठेपण दिसतं. १८९३ मध्ये त्यांनी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिलं होतं, एका इंग्रजी प्रहसनावरून. आयुष्याच्या शेवटी त्यातच पदं घालून त्याचं 'संशयकल्लोळ' केलं. ते गेल्यावर काही महिन्यांनी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणलं; बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. म्हणजे साकी-दिंडीच्या काळात वाढलेला साठीचा माणूस नव्या गायकीसाठी पदं लिहायला बसला. आणि कशी लिहिली!

कर हा करी धरिला शुभांगी

मृगनयना रसिकमोहिनी

मानिली आपुली तुजसी मी एकदा

'म्हातारा इतुका न' लिहिणाऱ्याचीच ही लेखणी. इथे त्यांनी स्वर मोकळे ठेवलेत. आकार आणि ईकार जिथे गवय्याला ठहराव घ्यायला हवेत तिथे बरोबर आहेत. 'मोहिनी'च्या शेवटच्या अक्षरावर दरबारी किती वेळ तोलता येतो ते वसंतराव देशपांड्यांच्या ध्वनिमुद्रणात ऐका. गवय्याला अडवणारं जोडाक्षर मध्ये येत नाही. तरी अर्थ सरळ. बाईचे डोळे हरिणीचे, ती रसिकांना भुलवते, आणि प्रेमात पडलेला नाटकाचा नायक आश्विनशेठ तेवढंच सांगू शकतो. पद बंदिश झालं तरी ते बोलणाऱ्या माणसाचंच राहिलं. ही किमया मला नाट्यपदं लिहिणाऱ्या फार थोड्यांत सापडते. खाडिलकर नाटककार प्रचंड, पण त्यांचं पद वाचताना मला पुष्कळदा अन्वय लावावा लागतो. हे माझं मत, आणि ते मी सांगलीकर असूनही धरून आहे. खाडिलकरही सांगलीचेच!

वसंतरावांचं ते ध्वनिमुद्रण मी इतकं ऐकलंय की आता त्यात मला दोन माणसं ऐकू येतात. एक गाणारा, जो दर वेळी नवी वाट काढतो. आणि एक लिहिणारा, जो त्याला म्हणतो, जा लांब जायचं तेवढं, परत यायला हा शब्द ठेवलाय. समेला 'मृगनयना' येतं तेव्हा शब्द कसा स्वच्छ पडतो पाहा. वसंतराव तानेत कितीही गेले तरी मुखडा चिरडत नाहीत. देवल ज्यांना कळले त्या गायकांत मी त्यांना वरचं स्थान देते. काही गायकांकडे हेच पद निव्वळ दरबारीची चीज होऊन बसतं, आश्विनशेठ कुठेच नसतो. नावं घ्यायची नाहीत, पण तशी ध्वनिमुद्रणं मी दुसऱ्यांदा लावत नाही.

'मृच्छकटिक'चं वेगळं. ते तरुण वयातलं, शूद्रकावरून घेतलेलं, आणि तिथे देवल मधल्या वाटेवर आहेत. 'रजनीनाथ हा नभी उगवला, राजपथी जणु दीपचि गमला' यात संस्कृताचा ठसा आहे, पण चित्र बघा. चंद्र म्हणजे रस्त्यावर ठेवलेला दिवा. वसंतसेनेला रात्री घरी पोचवायला निघालेला चारुदत्त गरीब आहे, घरात दिव्याला तेल नाही, म्हणून त्याला चंद्र दिव्यासारखा वाटतो. प्रसंग माहीत असला तर ओळ काळजाला भिडते, नसला तर निव्वळ चंद्रवर्णन. तबकडीवर प्रसंग येत नाही. म्हणून मी म्हणते, नाट्यगीत ऐकण्यापूर्वी त्या प्रवेशाची चार पानं वाचावीत. चार पानांना दहा मिनिटं लागतात. 'तेचि पुरुष दैवाचे' ऐकाल तर बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि वसंतसेना भिजून दारात आली आहे, एवढं मनात ठेवा. मग 'अंगे भिजली जलधारांनी' नुसती ओळ राहत नाही.

पुराच्या तबकड्यांकडे परत येते. त्यांतल्या काहींत आवाज कुणाचा ते अजून ठरत नाही. एकीवर बाईचा आवाज आहे की स्त्रीपार्टी नटाचा, यावर मिरजेच्या चाचांचं आणि माझं एकमत होत नाही. चाचा म्हणतात, "सूर बघा की, पुरुषाचा खर्ज आहे खाली." मला तो बाईचाच वाटतो. त्यातून तबकडीची गती नेमकी कुणाला माहीत? मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे म्हणतात, पण सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या त्याच गतीवर भरल्या होत्या असं नाही. चार फेरे इकडे-तिकडे झाले की सूर चढतो-उतरतो आणि पुरुषाची बाई होते. चाचांनी पेटी जवळ घेऊन, गती कमी-जास्त करत, पेटीच्या स्वराला सूर मिळेपर्यंत ती लावली. पण पेटीवाल्याने त्या दिवशी कुठली पट्टी धरली होती ते कोण सांगणार? पद मात्र नक्की आहे. 'हृदयी धरा हा बोध खरा'. 'संशयकल्लोळ'चं शेवटचं पद.

या पदाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. विनोदी नाटकाच्या शेवटी उपदेशाचं पद घालायची रीत होती, आणि उपदेशाची पदं बहुधा कंटाळवाणी असतात. देवलांनी काय केलं? 'संशय खट झोटिंग महा, देऊ नका त्या ठाव जरा.' संशय म्हणजे झोटिंग. आमच्याकडे वाड्याच्या मागच्या विहिरीवर झोटिंग असतो, लिंबाच्या झाडावर असतो, आणि एकदा घरात शिरला की मांत्रिक आणावा लागतो. प्रत्येक बाईला आणि प्रत्येक पोराला ते ठाऊक. नवरा-बायकोच्या भांडणाचं सगळं नाटक झाल्यावर देवल तत्त्वज्ञान सांगत बसत नाहीत. ते म्हणतात, भुताला घरात जागा देऊ नका. कुठल्या बाईला हे कळणार नाही? आणि हे पद कितीही आळवून गा, 'झोटिंग' शब्द आला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटतेच. मी ते भावे नाट्यगृहात पाहिलं आहे. माझ्या शेजारी बसलेल्या, नाट्यसंगीताशी काही संबंध नसलेल्या एका तरुण मुलीने त्या शब्दाला मान वर केली आणि तिथून पुढे ती पद ऐकत राहिली.

तरीही माझी एक मोठी हळहळ आहे. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' शिलेदार मंडळींनी किती वर्षं गावोगाव केली, सांगलीत हौशी मंडळींनी केली, आकाशवाणीने नाट्यसंगीत लावलं, स्पर्धांत मुलं अजून गातात. पण स्पर्धेत गातात ती 'संशयकल्लोळ'ची. 'शारदे'तली साधी पदं कुणी गात नाही, कारण त्यात गळा दाखवायला वाव नाही. परीक्षकही विचारतात, तान कुठे आहे? माझी भाची संगीत विशारद करते आहे. तिला म्हटलं, इंदिराकाकूची, शारदेच्या आईची, एक साकी बसव. म्हणाली, "मावशी, हे सोपं आहे गं." मग बसवायला लागली आणि तीन दिवस अडली. कारण साकीत लपायला जागा नसते. शब्द खोटा पडला की सगळ्यांना कळतं. आई मुलीच्या लग्नाविषयी नवऱ्याशी बोलते आहे, त्यात सूर किती आणि बोलणं किती, याचं माप गायनशाळेत मिळत नाही. ते घरातल्या बायकांकडून यायचं, आणि त्या बायका एकेक करून चालल्या आहेत.

म्हणून सांगली, मिरज, तासगाव, वाळवा, तिकडे साताऱ्या-कऱ्हाडपर्यंतच्या लोकांना माझी विनंती आहे. घरात सत्तरीच्या पुढच्या आई, आत्या, काकू असतील आणि त्यांना 'शारदे'तलं काही येत असेल, तर मोबाइल समोर ठेवून म्हणून घ्या. सूर लागला नाही तरी चालेल, मधे ठसका आला तरी चालेल. कडवं विसरल्या तर पुस्तक समोर धरू नका. त्या जे जोडून म्हणतील तेच हवं आहे. चाल कुठून शिकल्या ते विचारा. नाटक बघून, की आईकडून, की शेजारणीकडून. आणि लाखेच्या तबकड्या असतील तर भंगारात घालू नका. उभ्या ठेवा, एकमेकींवर आडव्या रचू नका, नाहीतर उन्हाळ्यात वाकतात. लेबल गेलं असेल तरी कडेच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा.

मी स्वतः सध्या भाचीकडून 'शारदे'तल्या साक्या-दिंड्या एकेक करून म्हणवून घेते आहे. पदावलीत लिहिलेल्या चाली शोधणं हेच मोठं काम. 'चाल अमुक' असं लिहिलंय, पण ती अमुक म्हणणारंच कुणी उरलं नाही, असं पुष्कळदा होतं. दोन चाली एका भजनी मंडळाच्या बुवांकडे सापडल्या. एक हरिपुरात सापडली, संगमेश्वराच्या देवळात काकड्याला येणाऱ्या आजींच्या तोंडी. त्यांना ती देवलांच्या नाटकात आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी ते सासूने शिकवलेलं गाणं. भुजंगनाथाच्या पदांना अजून हात लावलेला नाही. त्याला पुरुषाचा आवाज हवा, आणि म्हातारा चेष्टेत काढणारा नको. पंचाहत्तरीच्या माणसाला खरोखर लग्न करायचं आहे, असं म्हणणारा कुणी मिळाला की पुढचं ध्वनिमुद्रण करू.